पार्टी बोट घ्यावी का? आधी ट्यूबचा व्यास मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २९, बेळगावच्या उद्यमबागेत स्वतःचं वर्कशॉप, राहायला टिळकवाडीत. गोव्यात मांडवी नदीत उभी असलेली २२ फुटी जुनी पाँटून बोट १४ लाखांत मिळते आहे. खाली ॲल्युमिनियमच्या दोन ट्यूब, वर छोटा अप्पर डेक, मागे ६० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन, मोठे स्पीकर. विकणारा म्हणतो, १५ माणसं आरामात बसतात. आणि हेतू तुमच्याच शब्दांत: "बोट घ्यायलोय ते धंद्याला नाही. शहरातल्या मुलींशी ओळख व्हावी, कुणाशी तरी जमावं. बघण्याच्या कार्यक्रमांना कंटाळलोय."

हेतू सरळ सांगितलात ते बरं केलंत. या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. ही बोट घेण्यासारखी आहे का, हा एक. आणि बोटीने तुमचं काम होईल का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते पटलं तर पहिल्यातले निम्मे खर्च वाचतील.

बोटीवर बोलावलेली मुलगी मनात पहिला हिशोब करते तो स्पीकरचा नाही. "मला मधेच उतरायचं झालं तर?" हा तो हिशोब. हॉटेलात नको वाटलं तर ती उठून रिक्षा करते. पाण्यात ती सोय नाही. चावी तुमच्या हातात, परतायची वेळ तुमच्या हातात, आजूबाजूला पाणी. तुम्ही कितीही सज्जन असलात तरी ही मांडणी बदलत नाही, आणि ती हा विचार करते म्हणजे तिचा तुमच्यावर अविश्वास आहे असंही नाही. अनोळखी माणसाच्या बाबतीत कुणीही शहाणी मुलगी तो करणारच. म्हणून पार्टी बोटीवरची सगळी व्यवस्था "उतरणं किती सोपं" याभोवती बांधायची असते. बहुतेक हौशी मालक ती "थांबणं किती मजेचं" याभोवती बांधतात आणि मग दुसऱ्यांदा कुणी येत नाही म्हणून कोड्यात पडतात.

तुमच्या बाबतीत त्यात आणखी एक भर आहे, चोर्ला घाटाची. बेळगावहून पणजी गाडीने तीन-साडेतीन तास. म्हणजे दोन तासांच्या बोटीसाठी सहा-सात तास कारमध्ये, त्यातला बराच भाग जंगलाचा, मोबाईलची रेंज येते-जाते असा. तुम्हाला वाटतं तुम्ही बोटीचं आमंत्रण देताय, पण तिच्या कानावर पडतं ते कारचं आमंत्रण. दुसऱ्या भेटीत कुणी ते स्वीकारेल ही अपेक्षाच चुकीची. शिवाय बेळगाव म्हणजे मुंबई नव्हे. कॅम्पात दुपारी घडलेलं संध्याकाळपर्यंत शहापुरात कळतं. बोटीवर एक प्रसंग ओशाळवाणा झाला तर तो तुमच्या आधी घाट चढून घरी पोहोचेल.

आता मालकाची बाजू. जो होडी चालवतो त्याला गप्पा मारता येत नाहीत. एका हातात स्टिअरिंग, डोळे समोर, कान इंजिनकडे. मासेमारीच्या जाळ्यांचे तरंगते डबे, बार्जेस, कॅसिनोंच्या फेरीबोटी, वाळूचे उंचवटे हे सगळं मांडवीत आहे. धक्क्याला लावताना तर मालक घामाघूम असतो आणि पाहुणे त्याच्याकडे बघत असतात. ज्याने एवढा खटाटोप केला तो माणूस दोन तासांत कुणाशी दहा वाक्यंही बोलत नाही. उपाय एकच: लायसन्सवाला तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, ठेवणं. पण तांडेल ठेवायचाच असेल तर तो भाड्याच्या बोटीबरोबर आपोआप मिळतो!

म्हणून माझा सल्ला: पहिला एक हंगाम, म्हणजे ऑक्टोबर ते मे, बोट भाड्याने घ्या. पणजीत तासावर होड्या मिळतात. महिन्यातून एकदा धरलं तरी आठ फेऱ्या होतात. त्या आठांत दोन गोष्टी कळतील. लोक पुन्हा येतात का, आणि तुम्हाला स्वतःला पाणी आवडतं का. दुसरीचं उत्तर "हो" आलं तर बोट जरूर घ्या, ती बोटीसाठी घ्या. फक्त पहिल्या कारणासाठी घेतली तर दारात हत्ती बांधल्यासारखं होईल. मिरवणूक वर्षातून चार दिवस, चारा ३६५ दिवस.

फेरी कशी आखायची यात बरंच काही अवलंबून असतं, ते सविस्तर सांगतो, कारण भाड्याच्या आणि मालकीच्या दोन्ही बोटींना ते लागू आहे.

पहिली भेट बोटीवर नको. दुसरीही नको. जमिनीवर, चहा-कॉफीवर, शहरात, तिच्या सोयीच्या जागी भेटा. बोट तिसऱ्या-चौथ्या वेळी, तीही गटात: सहा-सात जण, त्यात बायका निम्म्या किंवा जास्त, आणि तिला स्वतःची मैत्रीण आणायची मोकळीक. "तू एकटीच ये, बाकीचे तिथे भेटतील" असं कधीही नाही. ज्याला-त्याला आपापल्या गाडीने किंवा बसने येऊ द्या. सगळ्यात चांगलं म्हणजे मंडळी आधीच गोव्यात असतील असा शनिवार-रविवार निवडा.

आमंत्रणात पाच गोष्टी लिहून द्या: कुठल्या जेट्टीवरून निघायचं, किती वाजता, परत किती वाजता, होडीचा नोंदणी क्रमांक, आणि तांडेलाचा फोन. हे पाच तपशील घरी पाठवता येतात. वाक्चातुर्याने होत नाही ते काम हा एक मेसेज करतो. आणि दिलेली परतीची वेळ पाळा. "अजून अर्धा तास, मस्त चाललंय" हे तुम्हाला आनंदाचं वाटतं. एखादीला घरी साडेसातची वेळ सांगितलेली असते, तिच्या पोटात तेव्हा गोळा येतो.

फेरी दीड तासाची ठेवा, फार तर दोन. कारण अगदी साधं आहे: शौचालय. २२ फुटी पाँटूनवर पडदा लावून कोपऱ्यात पोर्टेबल टॉयलेट बसवतात. ते स्वच्छ, आतून कडी लागणारं आणि उभं राहता येईल इतकं उंच नसेल तर ते नसल्यातच जमा. बायका मग पाणीच पीत नाहीत, उन्हात डोकं चढतं आणि संध्याकाळ फसते. पैसे घालायचेच असतील तर स्पीकरच्या आधी इथे घाला. जेट्टीवर चांगलं शौचालय असेल तर दीड तास सहज निभावतो.

डिसेंबर-जानेवारीत गोव्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तेव्हा साडेचारला निघून सहा-सव्वासहाला परत यावं. पण एक मेख आहे. दुपारनंतर खारे वारे जोर धरतात, आणि पाँटूनचं छप्पर शिडासारखं वारा पकडतं. त्यात ओहोटी चालू असेल तर पाणी समुद्राकडे धावतं, वारा उलट आत येतो, आणि मुखाकडे आखूड, उभ्या लाटा उठतात. पाँटूनला सगळ्यात वाईट पाणी तेच, पुढचा डेक त्यात बुडी मारतो. म्हणून मुखाकडे जायचंच नाही, नदीत वरच्या अंगाला जायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोरात असतो, अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी शांत. नवख्या मंडळींना घेऊन जाताना पंचांग उघडून अष्टमी गाठा, त्यात अंधश्रद्धा काही नाही. सकाळी आठ ते दहा तर पाणी आरशासारखं असतं. सकाळच्या फेरीला मुली अधिक सहज "हो" म्हणतात हेही ध्यानात ठेवा, कारण दिवस पुढे शिल्लक असतो.

मद्याबाबत माझं मत कडक आहे. चालवणाऱ्याने थेंबही नाही, आणि पहिल्या गटफेरीत कुणालाच नाही. गोव्यात कायद्याने वयाची अट २१ आहे. पाण्याच्या बाटल्या सीलबंद द्या, उघडून ओतलेले ग्लास पुढे करू नका. मळमळीची गोळी कुणाला हवी असेल तर पाकीट तिच्या हातात द्या, निघण्याआधी अर्धा-एक तास तिने स्वतः घ्यावी, आणि त्या गोळीने झोप येते, तिच्याबरोबर दारू नको, हे सांगा. फोटो विचारून काढा, विचारल्याशिवाय कुठे टाकू नका. तिने "नको, मी जाते" म्हटलं तर पुढचं वाक्य तांडेलासाठी असावं: "जवळच्या जेट्टीला लाव."

जॅकेट माणशी एक, निघण्याआधी बांधून दाखवायचं, मराठी-कन्नड-हिंदी ज्याला जी कळेल त्या भाषेत. सीटखाली कोंबलेलं जॅकेट बुडताना सापडत नाही. कुणी पाण्यात उतरणार असेल तर आधी इंजिन पूर्ण बंद. न्यूट्रलवर भरवसा नको, पंखा फिरत राहू शकतो. मागे जनरेटर चालू असताना शिडीवर कुणी बसू नये, धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिथेच साचतो आणि त्याला वास नसतो. किल स्विचची, म्हणजे ओढली गेली की इंजिन बंद पाडणारी, दोरी तांडेलाच्या मनगटाला अडकवलेली हवी.

आता तुमच्या बोटीकडे वळू. १५ माणसांच्या दाव्याचा हिशोब तुम्ही स्वतः करू शकता, वर्कशॉपवाल्याला तो अवघड नाही. ट्यूबचा व्यास ६० सेंटीमीटर आणि लांबी साडेसहा मीटर धरू. एका ट्यूबचं घनफळ सुमारे १.८४ घनमीटर, दोन्ही मिळून ३.६८. म्हणजे पूर्ण बुडाल्यावर ३.६८ टन उचलतील. पण पाँटून निम्म्यापर्यंतच बुडालेली असावी, त्याच्या वर गेली की पुढचं टोक लाटेत शिरायला लागतं. तेव्हा कामाचं वजन १.८४ टन. त्यातून डेक, कठडे, सीटसह होडी हजार किलोच्या आसपास, इंजिन ११५, पेट्रोल ६० लिटर म्हणजे ४५, बाकी बॅटऱ्या, नांगर, साखळी, बर्फाची पेटी, स्पीकर मिळून ९० किलो. झाले १,२५०. उरले ५९० किलो. ७५ किलोचा एक माणूस धरला तर सात, ओढूनताणून आठ, तेही तांडेल धरून. पंधरा नव्हे. तुमच्या होडीच्या ट्यूब बारीक असतील तर आकडा आणखी खाली येईल, म्हणून टेप घेऊन जा आणि व्यास मोजा.

अप्पर डेक मात्र काढून टाका, किंवा वर माणूस चढणार नाही असा तो बंद करा. आठ माणसं खाली बसलेली असतील तर वजनाचा केंद्रबिंदू खाली राहतो. त्यातली चार वर चढून सूर्यास्ताच्या बाजूच्या कठड्याला टेकली की होडी त्या बाजूला कलते, कलल्याने बाकीचे घसरत तिकडेच येतात, आणि मग थांबवता येत नाही. ३० सप्टेंबर २००९ ला थेक्कडीच्या तलावात दुमजली पर्यटक बोट अशीच एका बाजूला कलंडली, ४५ जण गेले. ७ मे २०२३ ला केरळमध्येच तानूरला उलटलेली दुमजली बोट मुळात मासेमारीची होती, फेरफार करून पर्यटकांसाठी केलेली, वर क्षमतेपेक्षा जास्त माणसं. तिथे २२ मेले. दोन्ही वेळा ना वादळ होतं, ना उंच लाटा. तेव्हा तुमच्या होडीचा अप्पर डेक मूळ बांधणीतला आहे की नंतर कुणी वेल्डिंग करून चढवलाय, हे आधी विचारा. नंतरचा असेल तर नोंदणीच्या कागदावरचं वर्णन आणि प्रत्यक्ष होडी जुळणारच नाही.

मांडवीचं पाणी खारं-मचूळ, आणि ॲल्युमिनियमला ते हळूहळू खातं. गोड्या पाण्यातून आलेल्या होडीला मॅग्नेशियमचे अॅनोड (ट्यूबऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) असतात, खाऱ्यात ते काही आठवड्यांत संपतात. खाऱ्यात जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे लागतात, निम्मे झिजले की बदलायचे. तळाला कालवं-शिंपल्यांचा थर बसू नये म्हणून तांब्याचा रंग लावतात, तो लाकडी आणि फायबरच्या होडीला ठीक. ॲल्युमिनियमला तो लावला तर दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि ट्यूबला टाचणीएवढी भोकं पडतात. आधीच्या मालकाने स्वस्तात कुठला रंग मारलाय ते बघा. लालसर-तपकिरी रंग खरवडल्यावर खाली पांढरी भुकटी निघाली तर सौदा तिथेच सोडा.

इंजिन. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा, एकमेकांत दहा टक्क्यांपेक्षा फरक नको. खालच्या गिअरचं तेल काढून बघा, दुधाळ असेल तर सील गेलंय आणि पाणी शिरतंय. चालू केल्यावर मागून पाण्याची बारीक धार यायला हवी. ती लुळी असेल तर इम्पेलर, म्हणजे थंड करायचं पाणी ओढणारा पंखा, झिजलाय, तो दरवर्षी बदलायचाच. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटं इंजिन धुणं हा नियम आहे. मालक घाट चढून बेळगावात बसलेला असेल तर नेमकं हेच होत नाही. ६० हॉर्सपॉवर पूर्ण रेसवर ताशी २०-२२ लिटर पितं, सावकाश फिरताना आठ-दहा. पेट्रोलला आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, कोकणच्या दमटपणात ते टाकीत पाणी ओढतं. टाकी महिनाभर भरून ठेवू नका, पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा. स्पीकरची बॅटरी वेगळी हवी. ३०० वॅटचा ॲम्प्लिफायर १२ व्होल्टवर २५ अँपिअर ओढतो, १०० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरावी, म्हणजे दोन तास. तीच बॅटरी स्टार्टरला जोडलेली असेल तर गाणी छान वाजतात आणि इंजिन सुरू होत नाही. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर कायद्यानेही बंद.

खर्चाचं म्हणाल तर दोन तासांच्या फेरीला पेट्रोल २० लिटर, तो खर्च सगळ्यात कमी. खरा खर्च तांडेलाचा पगार, उभी करायची जागा, विमा, वार्षिक सर्व्हे, आणि पावसाळ्याआधी बाहेर काढून तळ साफ करणं. नव्या बोटीला किंमतीच्या दहा टक्के वर्षाला, जुनीला खाऱ्या पाण्यात पंधरा ते वीस धरा. १४ लाखांवर दोन ते पावणेतीन लाख, तांडेल वेगळा. जून ते सप्टेंबर ती नुसती उभी असणार.

कागद: अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ खाली नोंदणी, सर्व्हेचं प्रमाणपत्र आणि विमा लागतो. गोव्यात हे काम पणजीच्या कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्यात चालतं. खासगी नोंदणीवर पाहुण्यांकडून पैसे घेऊ नका, "पेट्रोलचे वाटून घेऊ" हेही नको. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं तेच विचारेल.

"मग हिडकलला ठेवू का?" हे तुम्ही शेवटी विचारलंय, म्हणजे बेळगावजवळच्या धरणात. राकसकोप धरणाचं पाणी बेळगाव पितं, तिथे मोटारबोटीचा विचारच नको. हिडकल मोठं आहे, पण तेही पिण्याला आणि शेतीला आहे, जलसंपदा खात्याच्या लेखी परवानगीशिवाय होडी सोडता येत नाही. आणि उन्हाळ्यात पाणी इतकं मागे हटतं की चिखलाच्या पट्ट्यातून होडीपर्यंत चालत जावं लागेल. कोरे कपडे घालून आलेल्या पाहुण्यांना हे सांगून बघा.

एवढं सगळं वाचूनही बघायला जाणार असाल तर विसार देण्याआधी होडी पाण्याबाहेर काढायला लावा. विकणारा "पाण्यातच बघा" म्हणाला तर परत फिरा. बाहेर काढल्यावर ट्यूबच्या मागच्या टोकाच्या खालच्या बाजूला पाणी काढायचे बोल्ट असतात. ट्यूब आतून दोन-तीन कप्प्यांची असेल तर प्रत्येक कप्प्याचा बोल्ट उघडा. काही न निघालं तर उत्तम. वाटीभर निघालं आणि ते बेचव असेल तर ती आतली वाफ, काळजी नको. बादलीभर निघालं तर एक बोट बुडवून जिभेला लावा. खारट लागलं तर त्या कप्प्याला भोक आहे, आणि १४ लाखांचा आकडा तिथेच उभं राहून पुन्हा बोलायचा.